अत्तराची खरेदी डोळसपणे करा

रमजानच्या महिना-दीड महिना आधी गावोगावच्या आपल्या दुकानदारांची मुंबईला खरेदीची फेरी होते. टोप्या, तस्बीह, सुरमा, खजूर आणि त्याबरोबर अत्तर. टोपी उलटी करून शिलाई पाहता येते, खजूर फोडून चाखता येतो. अत्तराचे मात्र तसे नाही. व्यापारी फाया नाकाशी धरतो, आपण मान डोलावतो आणि सौदा होऊन जातो. म्हणूनच ज्या मालात फसगत लवकर होते व उशिरा कळते, असा हा माल आहे.

आमचीही अशीच फसगत झाली होती. ईदच्या तोंडावर आम्ही पाव किलो गुलाब आणले. 'चंदनवाला गुलाब' असे आम्हाला सांगण्यात आले आणि आम्हीही गिऱ्हाइकांना तसेच सांगून विकले. ईदनंतर आमच्या वडिलांच्या वेळेपासून येणारे एक वृद्ध गृहस्थ दुकानात आले. भांडले नाहीत. अर्धी भरलेली शिशी फळीवर ठेवून एवढेच म्हणाले, "बेटा, तू चंदन म्हणालास म्हणून नेले. डाग राहिला, वास गेला." आम्ही पैसे परत केले. पण ते पुन्हा अत्तर घ्यायला आले नाहीत. पुढच्या फेरीत आम्ही त्या व्यापाऱ्याला जाब विचारला. त्याने शांतपणे आमचेच बिल पुढे केले. बिलावर फक्त 'गुलाब नं. 1' असे होते. "यात चंदन कुठे लिहिले आहे?" असे त्याने विचारले. आम्ही निरुत्तर झालो. त्या दिवसापासून जे शिकलो ते येथे मांडत आहोत.

शिशीत असते काय?

अत्तर म्हणजे नुसता फुलाचा अर्क नव्हे. उत्तर प्रदेशातील कन्नौज येथे आजही जुन्या पद्धतीने अत्तर काढले जाते. तांब्याच्या देगेत फुले व पाणी घालून झाकण मातीने लिंपतात व खाली जाळ करतात. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरते. हा भपका थंड पाण्याच्या हौदात ठेवलेला असतो आणि त्यात आधीच तेल भरलेले असते. वाफेबरोबर आलेला सुगंध हे तेल धरून ठेवते. रोज ताजी फुले घालून हे काम अनेक दिवस चालते, तेव्हा कुठे ते तेल अत्तर होते.

भपक्यातल्या या तेलालाच व्यापारात 'बेस' म्हणतात. परंपरेने हा बेस चंदनतेलाचा असे. चंदन दुर्मिळ व महाग झाले, तसे त्याच्या जागी लिक्विड पॅराफिन आणि डी.ई.पी. म्हणजे डाय इथाइल थॅलेट ही स्वस्त द्रव्ये आली. म्हणून आज बाजारात चार प्रकारचा माल आहे. पहिला प्रकार रूह, म्हणजे बेस न घालता काढलेले फुलाचे किंवा मुळाचे शुद्ध तेल. दुसरा चंदनतेलावर ओढलेले अत्तर. तिसरा पॅराफिन किंवा डी.ई.पी.वर ओढलेले अत्तर. चौथा कंपाउंड, म्हणजे रासायनिक सुगंध बेसमध्ये मिसळून तयार केलेला माल. या चारही प्रकारांना गिऱ्हाईक आहे आणि चारही विकण्यात गैर काही नाही. गैर आहे ते चौथ्याला दुसऱ्याचे नाव देण्यात.

भावाचा साधा हिशेब

नाकाआधी कागद-पेन्सिल वापरावी. भारतीय चंदनतेलाचा भाव आज किलोला लाख रुपयांच्या वर आहे. आपण सोयीसाठी एक लाखच धरू. म्हणजे ग्रॅमला 100 रुपये झाले. एक तोळा म्हणजे 11.66 ग्रॅम. तेव्हा एका तोळ्यात नुसता बेसच 1166 रुपयांचा झाला. त्यात फुले, जळण, कारागिराची मजुरी व व्यापाऱ्याचा नफा अजून यायचाच आहे. मग कोणी चंदनावरचे अत्तर तीनशे रुपये तोळा देत असेल, तर ते चंदनावरचे नाही हे वास न घेताच समजावे.

रूहचा हिशेब आणखी कडक आहे. एक किलो गुलाबतेलासाठी साधारण तीन ते पाच हजार किलो फुले लागतात. म्हणून रूह गुलाब स्वस्तात मिळाला असे कोणी म्हटले, तर आनंद मानण्याऐवजी सावध व्हावे.

किलोने खरेदी, मिलिलिटरने विक्री

येथे अनेक दुकानदारांचे नकळत नुकसान होते. आपण माल किलोने आणतो आणि शिश्या मिलिलिटरने भरतो. पण सगळी तेले सारखी जड नसतात. डी.ई.पी. पाण्यापेक्षा जड आहे. त्याचे एक किलो म्हणजे सुमारे 890 मिलिलिटर. चंदनतेल पाण्याहून किंचित हलके. त्याचे किलोत सुमारे 1030 मिलिलिटर भरते. लिक्विड पॅराफिन त्याहूनही हलके. त्याचे साधारण 1150 मिलिलिटरच्या आसपास भरते.

6 मिलिलिटरच्या शिश्या भरायच्या तर डी.ई.पी.च्या किलोतून सुमारे 148 आणि पॅराफिनच्या किलोतून सुमारे 190 शिश्या निघतात. किलोचा भाव सारखा असला तरी शिशीमागे पडणारी किंमत सारखी नसते. म्हणून भाव ठरवण्याआधी थोडा नमुना मोजपात्रात ओतून वजन करावे. किलोचा भाव विचारून थांबू नये, 'माझ्या एका शिशीला काय पडले' हे काढावे.

नाकाची परीक्षा

एका बैठकीत तीन-चारपेक्षा जास्त वास घेऊ नयेत. नाक थकते आणि मग सगळेच सारखे वाटू लागते. दोन वासांच्या मध्ये मोकळ्या हवेत यावे. प्रत्येक अत्तर कागदाच्या वेगळ्या पट्टीवर लावून नाव व वेळ लिहावी. लगेच, तासाभराने, संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी असे चार वेळा हुंगावे. पहिल्या मिनिटाला डोके भरून टाकणारा वास संध्याकाळी कसा राहतो, हे पाहणे महत्त्वाचे. शेवटी एकच थेंब मनगटावर लावावा, कारण गिऱ्हाईक अत्तर अंगाला लावणार आहे, कागदाला नव्हे. यासाठी मुंबईत एक मुक्काम वाढला तरी तो खर्च वाया जात नाही.

दोन गैरसमज मात्र टाळावेत. वास जास्त टिकला म्हणजे माल अस्सल, असे नाही. काही रासायनिक सुगंध कपड्यावर कित्येक दिवस राहतात. तसेच रंगावरूनही काही ठरत नाही. तांब्याच्या देगेतून निघालेल्या खसला हिरवट छटा असते हे खरे, पण हिरवा रंग घालणे कोणालाही जमते.

घरगुती तपासणी

ग्लासभर पाण्यात एक थेंब सोडावा. तो तळाला गेला तर जड बेस, बहुधा डी.ई.पी., असल्याचा संशय घ्यावा. तरंगला म्हणून मात्र चंदन समजू नये, कारण पॅराफिनही तरंगते. पॅराफिन ओळखायचे तर थोड्या स्पिरिटमध्ये दोन-चार थेंब टाकून हलवावे. पॅराफिन विरघळत नाही. द्रव दुधाळ होतो व थोड्या वेळाने तेल वेगळे दिसू लागते.

या तपासण्या संशय दाखवतात, निकाल देत नाहीत. मोठा सौदा असेल तर प्रयोगशाळेत नमुना तपासून घ्यावा. कन्नौज येथे 1991 साली स्थापन झालेले केंद्र सरकारचे सुगंध व सुरस विकास केंद्र आहे. तेथे तेलांची तपासणी होते आणि या धंद्याचे प्रशिक्षणही मिळते. आपल्या तरुणांनी त्याचा लाभ घ्यावा.

कस्तुरी, अंबर आणि ऊद

कस्तुरीमृगाला वन्यजीव संरक्षण कायदा 1972 अन्वये संरक्षण आहे. त्यामुळे दुकानात 'मुश्क' म्हणून विकले जाणारे अत्तर रासायनिक किंवा वनस्पतिजन्य असते. ते तसेच सांगून विकावे. अंबर हे स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशापासून मिळते. आपल्या देशात त्याचा व्यापार गुन्हा आहे आणि महाराष्ट्रातही यावरून अटका झाल्या आहेत. कोणी अस्सल अंबर म्हणून गोळा आणून दाखवला, तर भाव विचारण्याच्याही फंदात पडू नये. उदाच्या एका प्रमुख जातीच्या झाडाचा आंतरराष्ट्रीय व्यापार 1995 पासून नियंत्रणाखाली आहे. आसामच्या उदाचे तेल घेताना पक्के बिल आणि कागदपत्रे मागून घ्यावीत.

बिलावर लिहून घ्या

व्यापाऱ्याने तोंडाने सांगितलेले चार शब्द बिलावर उतरले पाहिजेत : मालाचे नाव, बेस कोणता, वजन आणि तारीख. जो व्यापारी 'बेस चंदन' असे लिहून द्यायला कचरतो, त्याच्याकडून चंदनाच्या भावाने माल घेऊ नये. प्रत्येक खरेदीतला थोडा नमुना, बिलाचा क्रमांक लिहून, गडद काचेच्या शिशीत बाजूला ठेवावा. पुढच्या वेळी तोच माल आला की नाही, हे ताडून पाहता येते. साठा प्लॅस्टिकमध्ये ठेवू नये. उन्हापासून दूर, काचेत, घट्ट बुचात ठेवावा. स्वतःच्या नावाने शिश्या भरून घाऊक माल बाजारात काढायचा असेल, तर आधी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात परवान्याची चौकशी करावी.

गिऱ्हाइकाला काय सांगावे?

आपले गिऱ्हाईक बहुधा एकच प्रश्न विचारते, "यात अल्कोहोल नाही ना?" 'नाही' हे उत्तर खरे असले, तरी पुरे नसते. पॅराफिनमध्ये अल्कोहोल नसते, म्हणून ते चंदन होत नाही. 'अल्कोहोल नाही' म्हणजे 'शुद्ध' असा समज आपण करून दिला, तर शब्द खरे राहून व्यवहार खोटा होतो. मालातील दोष लपवू नये ही शिकवण आपल्याला नवीन नाही. अत्तराच्या दुकानात तिचा अर्थ एवढाच की, विचारण्याआधी बेस सांगावा.

आम्ही आता दुकानात दोन वेगळे कप्पे केले आहेत. एकावर 'चंदनावरचे' आणि दुसऱ्यावर 'कंपाउंड' अशी चिठ्ठी आहे. सुरुवातीला वाटले की कंपाउंड कोणी घेणार नाही. तसे झाले नाही. रोजच्या वापराला लोक तेच नेतात, पण काय नेत आहोत हे जाणून नेतात. चंदनावरचे थोडेच विकते, मात्र ते नेणारे गिऱ्हाईक परत येते.

अत्तराचा डाग साबणाने जातो, शब्द खोटा ठरल्याचा डाग जात नाही. म्हणून यंदा खरेदीला निघताना पिशवीत कागदाच्या पट्ट्या आणि पेन्सिल जरूर ठेवावी, आणि फाया नाकाशी येण्यापूर्वी पहिला प्रश्न विचारावा : "बेस कोणता?"