गालिचा उलटा करून पाहा

प्रश्न : दिवाणखान्यासाठी ऑनलाइन गालिचा घ्यायचा आहे. फोटोत सगळेच छान दिसतात. दर्जा कसा ओळखावा?

उत्तर : आधी पाठीचा फोटो पाहा, नसेल तर विक्रेत्याकडे मागा. हाताने गाठी मारलेल्या गालिच्याची नक्षी मागेही स्पष्ट उमटते, गाठी दिसतात. पाठीला कापड चिकटवलेलं असेल तर तो बहुधा ‘हँड-टफ्टेड’, म्हणजे धागे लेटेक्सने धरून ठेवलेला. काही वर्षांनी या लेटेक्सची भुकटी गळू लागते. ‘हँडमेड’ दोन्हींवर लिहितात, आणि ते खोटंही नसतं म्हणा! उत्तर प्रदेशातल्या भदोहीच्या गालिच्यांना २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण नुसत्या नावावर भुलू नका. रोजच्या वापराला लोकरच घ्या. व्हिस्कोसवर, म्हणजे कृत्रिम रेशमावर, साधं पाणी सांडलं तरी डाग राहतो. परत पाठवण्याचा खर्च कोणाचा, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्या.