छोट्या शेडमधली धोक्याची तपासणी

प्रश्न : हुडकेश्वरात माझं ग्रिल-गेट बनवायचं छोटं शेड आहे. चार पोरं कामाला आहेत. एका मोठ्या कंपनीचं काम मिळतंय, पण त्यांनी ‘रिस्क असेसमेंट’ मागितलं आहे. हे नेमकं काय असतं? तयार फॉर्म भरून दिला तर चालेल का?
– एक वाचक, हुडकेश्वर, नागपूर

उत्तर : तयार फॉर्ममुळे कंपनीची फाइल पूर्ण होईल, पण पोरांचे हात-डोळे वाचणार नाहीत. ही तपासणी म्हणजे तीन प्रश्नांची लेखी उत्तरं. या कामात इजा कशानं होऊ शकते? तिची शक्यता किती आणि झालीच तर केवढी? ती टळावी म्हणून आपण काय बदलणार? ही उत्तरं टेबलाशी बसून मिळत नाहीत. काम सुरू असताना, करणाऱ्या पोरांना सोबत घेऊन एकेक काम बघावं लागतं.

ग्राइंडरपासून सुरुवात करा. चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो. कोपऱ्यात आड येतं म्हणून गार्ड काढलं जातं, कधी त्याजागी मोठं चाक चढवलं जातं. चाकावर त्याची कमाल गती छापलेली असते. ती मशीनच्या गतीपेक्षा कमी असेल तर चाक फुटून तुकडे थेट तोंडावर येतात. आता शक्यतेला १ ते ५ आणि इजेच्या गंभीरतेला १ ते ५ गुण द्या आणि गुणाकार करा. शक्यता ४, गंभीरता ४, म्हणजे १६. ज्याचा आकडा मोठा, ते काम आधी हातात घ्या.

पण आकड्यावरच विसंबू नका. थिनरचा रिकामा ड्रम गॅसनं कापायची वेळ वर्षातून एखाददा येते, म्हणून शक्यतेचे गुण कमी पडतात. मात्र ड्रममध्ये वाफ उरलेली असते आणि ठिणगी पडताच तो फुटतो. जिथं जीव जाऊ शकतो, तिथं आकडा लहान असला तरी उपाय आधी. रोज हाताळलेली वस्तूही रूप बदललं की घातक होते. अ‍ॅल्युमिनिअमची बारीक भुकटी हवेत उडाली की स्फोट होऊ शकतो. उमरेड एमआयडीसीतल्या अ‍ॅल्युमिनिअमच्या कारखान्यात ११ एप्रिल २०२५ला स्फोट होऊन कामगारांचे जीव गेले, ते तुमच्यापासून फार लांब नाही.

उपायांचाही क्रम असतो. आधी धोकाच काढून टाका : ड्रम कापायचाच नाही. ते जमत नसेल तर मशीनमध्ये सुधारणा करा : गार्ड बसवा, पाइप क्लॅम्पमध्ये पकडा, वेल्डिंग केबलचे उघडे जोड बदला, अर्थिंग तपासा, बोर्डात ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी लावा. मग कामाचे नियम आणि वेळ. गॉगल, हातमोजे, एप्रन लागतातच, पण त्यांचा नंबर शेवटचा. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर गेला की पत्र्याच्या शेडमध्ये चामड्याचा एप्रन कोण अंगावर ठेवेल? म्हणून जड वेल्डिंग सकाळी लवकर उरका आणि प्यायचं पाणी हाताशी ठेवा.

पोरांना विचारणं हा उपकार नाही. भोपाळच्या १९८४च्या वायुकांडानंतर १९८७ साली कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांत कामगाराला धोक्याची माहिती मिळण्याचा आणि संकट दिसल्यास ते वरिष्ठांच्या कानावर घालण्याचा हक्क मिळाला. चार माणसांचं शेड अशा तरतुदींत बसत नसेल, पण फुटलेलं चाक हजेरीपट मोजत नाही.

हे सगळं एका वहीत लिहा : काम, धोका, गुण, उपाय, कोण करणार, कधीपर्यंत. नवं मशीन आलं, नवा पोरगा लागला किंवा कुणी थोडक्यात वाचला, की ती वही पुन्हा उघडा. कंपनीला त्याचीच प्रत द्या. आणि उद्या शेड उघडल्यावर सगळ्यात आधी ग्राइंडरचं गार्ड बघा. नसेल, तर ते बसेपर्यंत बटण दाबू देऊ नका.