फिलेमोनाच्या घरी

वाचनपाठ : फिलेमोनाला पत्र (संपूर्ण), कलस्सैकरांस पत्र ४:१ आणि ४:७-९



या अंकासाठी मी दुसराच पाठ लिहायला घेतला होता. दोन पाने झालीही होती. पण जूनमध्ये एक गोष्ट घडली आणि तेव्हापासून पौलाचे हे २५ वचनांचे छोटे पत्र माझ्या मागे लागले आहे. तेव्हा आधी ती गोष्ट सांगते.

वसतिगृहातल्या नव्या मुलांचे प्रवेशअर्ज भरायला दरवर्षी जूनमध्ये आम्ही निवृत्त शिक्षिका जातो. वाड्यांवरून आईबाप मुलांना घेऊन येतात. बहुतेकांना लिहिता येत नाही, म्हणून आम्ही विचारायचे आणि लिहायचे. यंदा माझ्या टेबलासमोर एक ओळखीची बाई मुलीला घेऊन उभी राहिली. ती आमच्याच घरी भांडी आणि केरफरशी करते. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत येते, दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर जाते, पहिल्या पावसाला परत येते. अशी चार वर्षे झाली. मला आनंद झाला. शेजारच्या बाईंना मी म्हटलेसुद्धा, "ही आमच्याकडची."

मुलीचे नाव लिहिले. वडिलांचे नाव विचारून लिहिले. पुढचा रकाना होता, आईचे नाव. आणि माझा पेन थांबला.

मला तिचे नाव माहीत नव्हते. चार वर्षे ती आमच्या मागच्या दाराने येत होती. आम्ही तिला "अगं" म्हणत होतो आणि आपसांत "वाडीवाली" म्हणत होतो. ती माझ्याकडे बघत होती. मी विचारण्याआधी तिनेच हळू आवाजात नाव सांगितले, मला अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून. ते नाव मी इथे लिहीत नाही. तिने ते मला सांगितले आहे, छापायला दिलेले नाही.

घरी आले तर मोरीच्या खिडकीत तिचा कप होता. कान तुटलेला. तिचा चहा त्यात ओतायचा, तिने तो मागच्या पायरीवर बसून प्यायचा, विसळून पुन्हा खिडकीत ठेवायचा. हे कोणी ठरवले, मला आठवत नाही. स्वच्छतेसाठी म्हणून असेल, असे मी स्वतःला सांगत आले. पण आमच्या पाहुण्यांचे कप तीच घासत होती, हे मला कधी सुचले नाही.

आपल्या मराठी मंडळीत ही गोष्ट नवी नाही. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त हे फार प्रांजळपणे लिहिले आहे. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, पण लक्ष्मीबाईंचे सोवळेओवळे त्या दिवशी सुटले नाही. ते स्वयंपाकघरातून सावकाश, भांडत, अडखळत सुटले आणि मग १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मी त्यांच्यानंतर कितीतरी वर्षांनी ख्रिस्ती घरातच जन्मले. माझ्या घरात ते मोरीच्या खिडकीपर्यंत जाऊन थांबले होते.

आता पत्राकडे वळू.

फिलेमोन हा कलस्सैचा एक बरी परिस्थिती असलेला विश्वासणारा. मंडळी त्याच्या घरी जमते. पौल तुरुंगातून लिहितो आहे. पत्र घेऊन जो येतो आहे तो अनेसिम, फिलेमोनाचाच दास. तो पळून गेला होता असे बहुतेक अभ्यासक मानतात. पत्रात तसे स्पष्ट शब्द नाहीत, पण त्याच्यामुळे फिलेमोनाचे काही नुकसान झाले असावे हे १८व्या वचनावरून दिसते. मधल्या काळात तो पौलाला भेटला आणि विश्वासात आला.

मी हे पत्र लहानपणापासून वाचत आले, आणि दर वेळी स्वतःला पौलाच्या बाजूला ठेवून वाचले. म्हणजे, आपण दीनदुबळ्यांची बाजू घेणारे. यंदा चौथ्यापासून सातव्या वचनापर्यंत नीट वाचले. पौल फिलेमोनाबद्दल देवाचे आभार मानतो, कारण त्याची सर्व पवित्र जनांवर प्रीती आहे आणि त्याच्यामुळे कितीजणांच्या जिवाला विसावा मिळाला आहे. ही खोटी स्तुती नाही. फिलेमोन खरोखर उदार होता. घर उघडे, हात सढळ. आज असता तर या त्रैमासिकाच्या शेवटच्या पानावर देणगीदारांच्या यादीत त्याचे नाव असते, आणि वरच्या ओळींत असते.

आणि पौल नेमके अशा माणसाला विचारतो आहे, की सर्व पवित्र जनांवर तुझी प्रीती आहे हे ठीक, तुझ्या घरातल्या या एका माणसाचे काय?

इथे मी फिलेमोन आहे. दर सहामाहीला वसतिगृहासाठी पाकिटे गोळा करते. मुलांच्या पंगतीत वाढते, त्यांच्याबरोबर चटईवर बसून जेवते. दोन वर्षांपूर्वी तसा माझा फोटोही याच त्रैमासिकात आला होता. दूरच्या कातकऱ्यांवर प्रीती करायला मला कधी जड गेले नाही. आपल्या राज्यातल्या तीन अतिमागास आदिवासी समूहांत कातकरी येतात, खैरापासून कात काढणारे म्हणून ते कातकरी, हे सगळे मी भगिनी मंडळात सांगितलेले आहे. ज्या कातकरी बाईचा कप माझ्या खिडकीत होता, तिचे नाव तेवढे राहिले होते.

पत्राचा पत्ताही बघण्यासारखा आहे. ते एकट्या फिलेमोनाला नाही. अफ्फिया, अर्खिप्प आणि त्या घरात जमणारी मंडळी, सर्वांना आहे. म्हणजे घरातल्या कामकऱ्याशी कसे वागायचे हा "आमचा घरगुती प्रश्न" राहिला नाही. तो उपासनेत, सर्वांच्या देखत वाचला गेला असणार. आपल्या मंडळीत असे पत्र वाचले गेले तर काय होईल, याची कल्पना करून पाहा. माझ्या पोटात गोळा आला.

आठव्या आणि चौदाव्या वचनात पौल म्हणतो की मला आज्ञा करता आली असती, पण मी विनंती करतो, कारण तुझ्या हातून होणारे भले जबरदस्तीने नको, मनापासून व्हावे. आपण सहसा उलटे समजतो. विश्वास असला की चांगले वागणे आपोआप येते, मनात प्रीती उसळली की हात पुढे होतो. पौल तसे मानताना दिसत नाही. तो फिलेमोनाला बसून विचार करायला आणि ठरवायला लावतो. अनेसिम दारात येईल तेव्हा काय म्हणशील? कुठे बसवशील? आता तो दासाहून अधिक, भाऊ आहे, मग उद्या सकाळी घरात नक्की काय बदलेल?

मीही ठरवले आणि दुसऱ्याच दिवशी चुकले.

तुटका कप टाकून दिला. चांगल्या सहा कपांच्या सेटमधल्या कपात चहा ओतला आणि तिला स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसायला सांगितले. ती बसली नाही. उभ्याने चहा प्यायली, कप विसळला आणि खिडकीत नेऊन ठेवला, जुना असायचा तिथेच. मी तो उचलून फडताळात ठेवला. दुसऱ्या दिवशी तेच. आठ-दहा दिवस आमची ही मूक ओढाताण चालली. मला थोडा रागही आला, हे कबूल करते. मी एवढे करते आहे आणि ही! पण तिच्या बाजूने पाहिले तर चार वर्षांचा नियम बाईंनी एका रात्रीत बदलला. उद्या पुन्हा बदलला तर?

मग वहीचे. गेल्या श्रावणात तिचा धाकटा तापाने फणफणला होता तेव्हा तिने २,००० रुपये मागितले. मी दिले, वहीत लिहिले आणि दरमहा पगारातून ४०० कापत होते. दिवाळीला ती गेली तेव्हा ८०० राहिले होते, ते यंदा परत आल्यावर कापायचे होते. आता मोठ्या मनाने मी तिला म्हटले, "ते राहू दे, सोडले मी." ती म्हणाली, "नको बाई. मी भीक नव्हती मागितली."

त्या रात्री मी १८वे आणि १९वे वचन पुन्हा वाचले. अनेसिमाचे काही देणे असेल तर विसरून जा, असे पौल म्हणत नाही. ते माझ्या नावावर मांड, मी फेडीन, असे तो स्वतःच्या हाताने लिहून देतो. हिशोब मोडीत काढायचा नाही, त्यात स्वतः उतरायचे. मी वरून सोडून देत होते. तिला हवे होते ते वेगळेच, आणि मी ते विचारलेच नव्हते. मग विचारले.

तिला वेळ लागला, पण दोन-तीन दिवसांनी भांडी घासता घासता तिने सांगितले. पगार एक तारखेला हवा, मला आठवेल तेव्हा नको. मी मुलीकडे पुण्याला जाते तेवढ्या दिवसांचे पैसे कापते, ते कापू नयेत, कारण घर मी बंद करते, ती नाही. पोर आजारी असले तर सुटी, पैसे न कापता. एवढेच. यातल्या एकाही गोष्टीला प्रीती लागत नाही, न्याय पुरतो. कलस्सैकरांस पत्र ४:१ मध्ये पौल धन्यांना तेच सांगतो, की जे न्याय्य आणि समान आहे ते द्या, कारण तुमचाही धनी स्वर्गात आहे. त्याच पत्रात पुढे अनेसिमाचे नाव येते. तुखिकाबरोबर तो कलस्सैला चालला आहे, आणि पौल त्याची ओळख तुमच्यातलाच एक अशी करून देतो. अनुवाद २४:१४-१५ तर त्याहून नेमके आहे : गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्यावी, कारण त्याचा जीव तिच्यात अडकलेला असतो. मी ३३ वर्षे नोकरी केली. माझा पगार आठ दिवस लांबला की शिक्षकांच्या खोलीत मी किती बोलायचे!

उरलेले ८०० तिने फेडले. ऑगस्टात शेवटचे २०० वळते केले आणि तिने स्वतः वहीत त्या ओळीवर रेघ मारली.

आपल्या वाचकांत भट्टीमालक असतील, त्यांना मजूर मिळवून देणाऱ्यांचे नातलग असतील, उसाच्या पट्ट्यात मुकादमाशी संबंध असलेलेही असतील. तुमच्या वह्या माझ्या वहीहून जाड आहेत. पावसाळ्यात, घरात दाणा नसताना बयाणा द्यायचा आणि तो फिटेपर्यंत आख्खे कुटुंब भट्टीवर राबवायचे, फिटला नाही तर पुढच्या वर्षावर ओढायचा, हे किती जुने आहे ते मी सांगायला नको. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली, आणि अशा वेठीचे कर्ज फेडण्याची जबाबदारीही त्याच कायद्याने संपवली. पण मी कायद्याचे बोलत नाही. एवढेच विचारते, की रविवारी आपल्या घरी प्रार्थनासभा भरते तेव्हा ती वही त्याच घरात कुठल्या कपाटात असते?

गटात हा पाठ घ्याल तेव्हा घाईने शेवटाला जाऊ नका. आधी प्रत्येकाने कागदावर आपल्याकडे रोज येणाऱ्या माणसांची नावे लिहावीत. भांडी घासणारी, दूधवाला, कचरा नेणारा, चौकीदार, शाळेच्या गाडीचा चालक. जिथे नाव येत नसेल तिथे रेघ ओढावी. आमच्या भगिनी मंडळात हे केले तेव्हा बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एकीने विचारले, "सुनेच्या माहेरच्यांची नावे धरायची का?" सगळ्या हसल्या, पण प्रश्न खोटा नव्हता. दुसरे, २२वे वचन सोडू नका. पौल म्हणतो, माझ्यासाठी उतरायची जागा तयार ठेव. तो प्रेमाने म्हणतो, पण त्याचा अर्थ फिलेमोनाला कळला असेल : मी येणार आहे, आणि आलो की बघेन.

फिलेमोनाने पुढे काय केले ते पवित्र शास्त्रात नाही. माझ्या इथले सांगते, पण तेही अपुरे आहे.

तिच्या नवऱ्याने यंदाही बयाणा घेतलेला होता, पावसाळ्यातच. दिवाळीनंतर आठ दिवसांनी ट्रक येणार होता. मुलगी वसतिगृहात राहील, तिची शाळा या वर्षी मोडणार नाही, एवढे जमले. धाकटा आईबरोबर जाणार. मी तिला इथेच राहा म्हणून सुचवले, आणखी दोन घरची कामे लावून देते म्हटले. ती म्हणाली, "त्याच्या एकट्यानं विटा पुऱ्या होत नाहीत." यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. अजून नाही. आपल्या प्रार्थनेत हे कुटुंब असू द्या.

निघायच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "बाई, येता का वाडीवर?" चार वर्षांत मी कधी गेले नव्हते. आमच्या घरापासून २० मिनिटांची वाट आहे, ओढा ओलांडून. कुडाची भिंत ताजी सारवलेली होती. सामानाची दोन गाठोडी दाराशी बांधून ठेवली होती. मला तिने खाटेवर बसवले आणि चुलीवर कोरा चहा केला. मग शेजारणीकडे जाऊन काहीतरी घेऊन आली. कप होता, बशीसकट, नवा, कान शाबूत. त्यात तिने माझा चहा ओतला आणि स्वतः पेल्यात घेतला.

मी म्हटले, "मलाही पेल्यातच दे ना."

ती म्हणाली, "आज नको. पुढच्या खेपेला." आणि पेला घेऊन खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसली.