सुकडीपासून पाकिटापर्यंत

१९७२ च्या दुष्काळातील सुकडी आठवणाऱ्या घरांत मूल ‘अंगाने भरलेले’ दिसले की समाधान वाटते, ते स्वाभाविकच. परंतु पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत केलेल्या अभ्यासात, इंग्लंडमधील बाळांहून वजनाने हलक्या असलेल्या आपल्या नवजात बालकांत चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक आढळले. असे मूल पुढे झपाट्याने लठ्ठ झाल्यास मधुमेहाचा धोका बळावतो. म्हणजे हा प्रश्न केवळ श्रीमंतांघरचा नव्हे. जुन्नर-आंबेगावातील कष्टकऱ्यांच्या लेकरांचाही आहे. भेटीच्या दिवशी पालक वेफर्स, शीतपेये आणतात. त्यामागील माया आम्ही जाणतो. त्याऐवजी फुटाणे, शेंगदाणे, पेरू आणावेत. मैदानावरचा तास मात्र आम्ही परीक्षेच्या काळातही कापणार नाही.