मेंढीचे कान

फलटण,
कार्तिक वद्य पंचमी

चि. सुमेधा हीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र व सोबतची कच्ची रेखाटने पोचली. धनगराच्या मुलीच्या गोष्टीला चित्रे काढण्याचे काम पुण्याच्या एका प्रकाशकाने तुझ्यावर सोपवले, हे वाचून जो आनंद झाला तो प्रारंभीच नमूद करून ठेवतो. कारण पुढील मजकुरात कौतुक थोडे आणि हरकती फार आहेत, आणि वडीलधाऱ्यांच्या पत्रांचा शिरस्ता बहुधा हाच असतो.

पहिली हरकत मेंढीविषयी आहे. तू काढलेली मेंढी पांढरीशुभ्र, कापसाच्या ढिगासारखी गुबगुबीत आणि ताठ कानांची आहे. ती सुंदर आहे, परंतु ती विलायतेतील कुरणांवरून विलायती पुस्तकांत व तेथून तुझ्या कागदावर आलेली आहे. फलटण तालुक्याच्या माळावर ती कधी चरलेली नाही. आपली दख्खनी मेंढी बहुधा काळी, अंगावर राठ लोकर असलेली, नाकाचा बाक पुढे आलेला आणि कान खाली लोंबणारे, अशी असते. त्यातही येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील गारोळ जातीशी दख्खनीचा संकर घडवून, एका वेताला जुळी कोकरे देण्याचा गुण तिच्यात आणला व त्या वाणास ‘नारी सुवर्णा’ हे नाव दिले. तेव्हा तुझ्या मेंढीपाशी दोन कोकरे उभी केलीस तर ती केवळ शोभेची ठरणार नाहीत, आपल्या तालुक्याची वस्तुस्थितीच चित्रात उतरेल. मात्र एकदा दोन दाखवलीस की शेवटच्या पानापर्यंत दोन्हींचा हिशेब तुला द्यावा लागेल. सातव्या पानावर एकच कोकरू दिसले तर समीक्षकाच्या ते ध्यानातही येणार नाही. परंतु चार वर्षांचे मूल पान उलटू देणार नाही, दुसरे कुठे गेले म्हणून तगादा लावील.

हा तगादा त्याच्या हक्काचा आहे. आपण मोठी माणसे पान उघडताच मजकुराकडे धावतो आणि चित्रावरून नुसती नजर फिरवतो. ज्याला अक्षरओळख नाही त्याला मात्र चित्र हाच सारा मजकूर असतो, आणि तो ते ओळीओळीने वाचावे तसे कोपऱ्याकोपऱ्याने वाचतो. फलटणकरांना ही गोष्ट तरी नव्याने सांगावी लागू नये. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकेत जन्मलेल्या भाषाशास्त्रज्ञ विदुषी येथील बोलीचा अभ्यास करण्यासाठी म्हणून आल्या आणि, ज्यांच्या घरी छापील कागदाचा कपटाही नाही अशा वस्त्यांतील मुले वाचायला शिकत का नाहीत, या प्रश्नात गुंतून येथल्याच झाल्या. त्या खटपटीतूनच १९८६ साली कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी राहिली. तुझे पुस्तक अशा मुलाच्या हाती पडेल तेव्हा घरात त्याला मजकूर वाचून दाखवणारे कोणी असेलच असे नाही. त्या वेळी तुझे चित्र एकटेच बोलणार आहे, हे ध्यानात ठेवून पेन्सिल उचल.

परंतु एकटे बोलणे म्हणजे गोष्टीत सांगितलेलेच पुन्हा सांगणे नव्हे. ‘मुलगी रुसली’ असे खाली छापलेले असताना वर रुसलेली मुलगीच काढायची, तर चित्रकाराची गरज काय? माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’, ‘यश’, ‘पाहुणी’ ही पुस्तके समोर घेऊन बैस. अनुकरणासाठी नव्हे, लेखणी व कुंचला एकाच हाती असल्यामुळे कोणती गोष्ट शब्दांनी सांगायची व कोणती चित्रावर सोडून द्यायची याची वाटणी त्या कशी करतात, हे पाहण्यासाठी. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व पुढे पॅरिसला शिकून आलेल्या या बाई घरातली माणसे आणि त्यांचे रोजचे साधे व्यवहार यांतच रमतात, हे मला त्यांना २०१४ साली मिळालेल्या साहित्य अकादमीच्या बालसाहित्य पुरस्काराहूनही मोठे वाटते.

आपल्याच जिल्ह्यात औंधास, राजा असून हाती कुंचला धरणाऱ्या भवानराव पंतप्रतिनिधींनी १९१६ साली चित्ररामायण छापून काढले. तेथील संग्रहालयही सवडीने पाहून ये. तथापि, औंधकर महाराज क्षमा करोत, त्या कामात एक सवलत होती. रामाला प्रत्यक्ष पाहिलेला साक्षीदार कोणी हयात नाही. मेंढी मात्र सर्वांनीच पाहिलेली आहे.

आता थोडे छपाईविषयी, कारण माझी सारी नोकरी सरकारी छापखान्याच्या दप्तरात गेली. २४ पानांचे पुस्तक मधोमध पिना मारून बांधले, म्हणजे समोरासमोरच्या पानांपैकी केवळ १२ व १३ ही जोडी एका अखंड कागदावर येते. अन्य सर्व जोड्यांत डावे व उजवे पान फर्म्यावर वेगवेगळ्या ठिकाणी छापले जाऊन घडीपाशी एकत्र येते आणि तेथे केसभर तरी सरकते. तू चार-पाचच्या जोडीवर मुलीचा चेहरा नेमका घडीत घातला आहेस. तिचे नाक दुभंगेल. तो एका बाजूस घे, आणि नीरा उजव्या कालव्याच्या कडेने जाणारा सबंध कळप बारा-तेराच्या जोडीसाठी राखून ठेव.

राहता राहिला मोबदला. कलावंताने पैशाची भाषा बोलू नये, हा संकेत ज्यांना पैसे द्यायचे असतात त्यांनीच रूढ केला असावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यान्वये, मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या चित्राचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, सांगणाराच ठरू शकतो. म्हणून हक्क तुझ्याकडे राहतील हे कलम प्रारंभीच लेखी घालून घे. हक्क द्यायचेच झाले तर कोणते, किती मुदतीसाठी व कोणत्या प्रदेशापुरते, याचा तपशील लिहवून घे. मुदत लिहिली नसल्यास कायदा ती ५ वर्षे धरतो, प्रदेश लिहिला नसल्यास भारतापुरता. चित्राखाली आपले नाव असण्याचा आणि चित्राची विटंबना झाल्यास दाद मागण्याचा अधिकार हक्क विकल्यानंतरही तुझ्याकडेच राहतो. पुनर्मुद्रण व भाषांतर यांविषयी स्वतंत्र कलम असावे, आणि ठरलेल्या रकमेपैकी काही हिस्सा कच्ची रेखाटने पसंत होताच मिळावा.

करारनाम्याचा मसुदा आला की सही करण्यापूर्वी एक प्रत इकडे धाड. नोकरी सुटली, तरी दुसऱ्याच्या कागदाच्या समासात शेरे मारण्याची खोड सुटलेली नाही. तुझी काकू म्हणते, ती सुटणारही नाही.

तुझा,
काका