नौका आईवडिलांची, प्रवास कोणाचा?

आपल्यापैकी अनेक पालकांच्या मनात केव्हा ना केव्हा एक विचार येऊन जातो. ही शाळा, हे क्लास, मोबाइल, गुणांची चढाओढ, सगळे सोडून द्यावे आणि मुलांना घेऊन कुठेतरी निसर्गाच्या सान्निध्यात जाऊन राहावे. मग सोमवार उजाडतो, डबा भरायचा असतो आणि विचार मागे पडतो.

जगात काही कुटुंबे मात्र हे खरोखर करतात. ती घर विकतात, शिडाची नौका घेतात आणि मुलांसह समुद्रावर राहायला जातात. स्वयंपाक तिथेच, झोप तिथेच, शाळाही तिथेच. आजच्या पाठात आपण अशा नौकांवर वाढलेल्या मुलींकडे पाहणार आहोत. आपल्यापैकी फार थोडे जण नौकेवर राहायला जातील. तरीही हा पाठ आपल्या घरासाठी आहे, कारण चार भिंतींत जे वर्षानुवर्षे झाकले जाते ते नौकेवर लवकर उघडे पडते.

नौकेवरची शाळा कशी चालते?

अमेरिकेतील बाल्टिमोर शहरातल्या कॅल्व्हर्ट स्कूलने १९०६ साली घरी शिकवण्याचा अभ्यासक्रम सुरू केला. धडे टपालाने येत आणि आई किंवा वडील शिकवत. पुढे नौकेवर राहणाऱ्या अनेक कुटुंबांनी अशाच पत्रद्वारा शिक्षणाचा आधार घेतला. आता त्यात इंटरनेटची भर पडली आहे.

नौका नांगरलेली असली की सहसा सकाळचे काही तास अभ्यासाचे असतात. समुद्र खवळला की वह्या कपाटात जातात, कारण हेलकाव्यात वाचले की मळमळते. दक्षिण प्रशांत महासागरात साधारण नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा काळ. तेव्हा अनेक नौका न्यूझीलंड किंवा ऑस्ट्रेलियाकडे जातात आणि काही मुले तेवढे महिने तिथल्या शाळेत बसतात.

काही धडे समुद्र स्वतःच देतो. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटे. घड्याळ आणि सूर्य यांचा मेळ घातला की आपण कोणत्या रेखांशावर आहोत ते कळते. अक्षांशाचा एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, जवळजवळ एक सागरी मैल भरतो. सागरी मैल १,८५२ मीटरचा. पुस्तकात रुक्ष वाटणारे हे गणित नौकेवर चुकले तर खडकावर आदळण्याची वेळ येते, म्हणून ते लक्षात राहते. टाकीतले पाणी मोजून वापरावे लागते. रात्री सगळे झोपलेले असताना पाळीप्रमाणे पहारा द्यावा लागतो. चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती घरातल्या सर्वांचा जीव सोपवला जातो, आणि तो एका रात्रीत मोठा होतो.

पण नौकेवर काही गोष्टी नसतात. स्वतःची खोली नसते, दार आपटून बाहेर जाता येत नाही. मैत्री जमते न जमते तोच कोणाची तरी नौका पुढच्या बंदराला निघते. आठ वर्षांच्या मुलाला आईवडील हेच जग असते. चौदाव्या वर्षी त्याला आणखी कोणीतरी हवे असते. किशोरवयीन मुलांना नौकेवर वाढवण्याची खरी कसोटी इथे लागते.

जेसिका

ऑस्ट्रेलियातील जेसिका वॉटसन ही चार भावंडांतली दुसरी. तिचे कुटुंब सुमारे पाच वर्षे १६ मीटर लांबीच्या मोटारबोटीवर राहिले. मुले दूरशिक्षणाने शिकली. जेसिकाला डिस्लेक्सिया होता, त्यामुळे वाचन जड जाई. तिची आई मुलांना रात्री पुस्तक वाचून दाखवत असे. त्यात एकदा जेसी मार्टिन या तरुणाचे, एकट्याने केलेल्या पृथ्वीप्रदक्षिणेवरचे पुस्तक आले. तेव्हा जेसिका अकरा वर्षांची होती. आपणही असेच जायचे, हे तिच्या मनाने तिथे घेतले.

सप्टेंबर २००९ मध्ये चाचणीच्या प्रवासात रात्री तिच्या नौकेची एका मोठ्या मालवाहू जहाजाशी टक्कर झाली आणि डोलकाठी मोडली. देशभर टीका झाली. आईवडिलांनी तिला थांबवावे, असे अनेकांनी सुनावले. डोलकाठी नवी बसली, आणि १८ ऑक्टोबर २००९ रोजी जेसिका सिडनीहून निघाली. २१० दिवसांनी, १५ मे २०१० रोजी ती परत आली. तीन दिवसांनी तिला सतरावे वर्ष पूर्ण झाले. पुढे तिने एमबीए केले.

सुझान

इंग्लंडमधील सुझान हेवूड सात वर्षांची असताना, १९७६ साली, तिच्या वडिलांनी कॅप्टन कुक यांच्या तिसऱ्या सफरीच्या मार्गाने जायचे ठरवले. नौकेचे नाव वेव्हवॉकर. प्रवास तीन वर्षांचा ठरला होता, तो दहा वर्षे चालला. हिंदी महासागरात एका प्रचंड लाटेने नौका फोडली, सुझानच्या डोक्याला गंभीर दुखापत झाली. ॲम्स्टरडॅम नावाच्या एका चिमुकल्या बेटावर भूल न देता तिच्यावर वारंवार शस्त्रक्रिया करावी लागली.

पण २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात तिने ज्या दुःखाबद्दल आवर्जून लिहिले आहे ते लाटेचे नाही. तिला शिकायचे होते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या पत्रद्वारा शाळेत तिने नाव घातले. धडे बंदरांवरून टपालाने पाठवायचे आणि उत्तराची वाट पाहायची. तेवढ्यात स्वयंपाकाची, साफसफाईची कामे तिच्याकडे येत आणि अभ्यास मागे राही. सोळाव्या वर्षी न्यूझीलंडमध्ये तिला धाकट्या भावासह ठेवून आईवडील नौकेवर गेले. तिथून तिने विद्यापीठांना पत्रे लिहिली. ऑक्सफर्डमध्ये तिला प्रवेश मिळाला.

बाहेरून पाहणाऱ्याला सुझानचे बालपण स्वप्नवत वाटले असते. निळा समुद्र, बेटे, स्वातंत्र्य! पण ते स्वातंत्र्य वडिलांचे होते. मुलीच्या वाट्याला त्या स्वातंत्र्याची नौका आली, आणि तिच्यातून उतरायची सोय नव्हती.

फरक कुठे पडला?

कोणाच्या आईवडिलांना दोष देण्यासाठी आपण हे वाचत नाही. समुद्राचा धोका दोघींना होता, शाळेची इमारत दोघींना नव्हती. जेसिकाच्या मनात जे उगवले त्याच्या पाठीशी घर उभे राहिले. सुझानला मात्र घराने आखलेल्या वाटेवर स्वतःची इच्छा चोरून जपावी लागली.

नेदरलँड्सची लॉरा डेकर हिची गोष्टही इथे उपयोगी आहे. तिचा जन्मच आईवडिलांच्या सागरी प्रवासात, न्यूझीलंडमध्ये झाला. तेराव्या वर्षी तिने एकटीने जगप्रवास करायचे जाहीर केले, तेव्हा न्यायालयाने तिला बालसंरक्षण खात्याच्या देखरेखीखाली ठेवले. शिक्षणाचे काय, झोप पुरेशी कशी मिळणार, नौका भक्कम आहे का, असे प्रश्न पुढे आले. लॉराने दूरशिक्षणात नाव घातले, प्रथमोपचार शिकले, मोठी नौका घेतली. जुलै २०१० मध्ये देखरेख उठली. जानेवारी २०१२ मध्ये, सोळाव्या वर्षी, तिने प्रदक्षिणा पूर्ण केली. म्हणजे मुलाची इच्छा मान्य करणे म्हणजे त्याला मोकळे सोडून देणे नव्हे. इच्छेसोबत तयारी मागणे हेही प्रेमच आहे.

सोळावे वर्ष लागले की मुलाशी मित्रासारखे वागावे, असे आपल्याकडे पूर्वीपासून सांगतात. मित्राला आपण विचारतो, हुकूम देत नाही.

आता आपल्या घराकडे वळूया

हा लेख वाचणारे कित्येक जण नोकरीसाठी बडोदा, इंदूर, हैदराबाद, दिल्ली अशा ठिकाणी राहतात. दर तीन वर्षांनी बदली, नवी शाळा, नवी भाषा. काही जण सेवाकार्यासाठी गावोगाव फिरतात, शिबिरे घेतात, मुलांनाही सोबत नेतात. ध्येय उत्तम आहे, यात शंका नाही. पण मुलांच्या दृष्टीने तीही एक नौका आहे, आणि तिचे सुकाणू आपल्या हातात आहे. ध्येय जितके उदात्त, तितके मुलाला 'मला नको' म्हणणे अवघड जाते. वडील स्वतःच्या हौसेसाठी फिरत असतील तर मूल भांडू शकते. वडील समाजासाठी फिरत असतील तर ते गप्प बसते. त्या गप्प बसण्याला आपण 'संस्कार' समजण्याची चूक करतो.

म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवूया.

१. अभ्यासाची वेळ राखीव ठेवावी. पाहुणे, कार्यक्रम, प्रवास काहीही असो, मुलाचे रोजचे दोन तास त्याचेच. घरकाम आणि सेवा जरूर शिकवावी, पण ती अभ्यासाची वेळ खाऊन नव्हे. मुलगा आणि मुलगी दोघांकडून सारखेच काम घ्यावे.

२. खरी जबाबदारी द्यावी. रात्रीच्या पहाऱ्यासारखे, चुकले तर फरक पडेल असे एखादे काम मुलावर सोपवावे आणि मध्ये पडू नये. महिन्याचा किराणा, प्रवासाची तिकिटे, आजोबांची औषधे, असे काहीही चालेल.

३. उतरायचे बंदर ठरवावे. 'हे तीन वर्षे करू' असे म्हटले असेल तर तिसऱ्या वर्षी सर्वांनी बसून पुन्हा विचारावे. त्या बैठकीत मुलाचे मत मोजले जावे, नुसते ऐकले जाऊ नये.

या आठवड्यासाठी चिंतन

- माझ्या मुलाच्या आयुष्यातील शेवटचा मोठा निर्णय कोणी घेतला? त्याला केव्हा विचारले?
- त्याला मनापासून काय शिकायचे आहे, हे मला त्याच्या शब्दांत सांगता येईल का?
- घरच्यांशी बोलता येत नाही अशी गोष्ट सांगायला त्याला घराबाहेर एक तरी विश्वासू व्यक्ती आहे का?

प्रश्नांची उत्तरे आधी वहीत लिहा. मग एका संध्याकाळी मुलाशेजारी बसा, फोन दूर ठेवा आणि त्याला एवढेच विचारा, "आपण जिथे चाललो आहोत, तिथे तुला यायचे आहे का?" उत्तर 'नाही' आले तर लगेच समजावू नका. त्या दिवशी फक्त ऐका.