सामाईक पाईपलाईनचा खर्च कसा वाटावा?



गटागटांतून फिरताना एक भांडण हमखास कानावर येते. भीमेवरून तिघांनी मिळून पाईपलाईन करायची ठरवली आणि खर्चाच्या वाट्यावरून बिनसले. ‘तिघांत सारखे करा की साहेब!’ असे कुणीतरी म्हणतोच. हिशेब मांडून पाहू.

समजा, नदीपासून पहिल्याच्या रानापर्यंत एक टप्पा, तेथून दुसऱ्यापर्यंत दुसरा, पुढे तिसऱ्यापर्यंत तिसरा. पाणी पाळीने घ्यायचे, म्हणून पाईप शेवटपर्यंत एकाच मापाचा. टप्प्याला ३ लाख, एकूण ९ लाख. सारखी वाटणी केली तर प्रत्येकी ३ लाख. पण पहिल्याने एकट्याने पाईप टाकला असता तरी ३ लाखच लागले असते! मग तो भागीदारीत राहील कशाला? आणि तो फुटला की ९ लाख उरलेल्या दोघांच्या अंगावर.

अमेरिकेतील गणिती लॉइड शॅप्ले यांनी १९५३ साली अशा वाटणीची रीत मांडली. २०१२ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. रीत अशी: भागीदार एकामागून एक आले असे धरा. ज्याच्या येण्याने खर्च जेवढा वाढला, तेवढा त्याच्या नावावर. येण्याचे सगळे क्रम मांडून सरासरी काढा. तिघांचे क्रम सहा होतात. मधला दोन क्रमांत सर्वांत आधी येतो, तेव्हा ६-६ लाख. एकात फक्त पहिल्याच्या मागून, ३ लाख. उरलेल्या तिन्हींत शेवटचा आधीच आलेला, पाईप तयार, म्हणून शून्य. बेरीज १५, भागिले ६, म्हणजे अडीच लाख.

एवढी आकडेमोड बांधावर कोण करणार? गरजही नाही. जो टप्पा जितके वापरतात, तितक्यांत तो सारखा वाटा. उत्तर तेच येते. पहिल्याला १ लाख, मधल्याला अडीच, शेवटच्याला साडेपाच. शेवटचा कुरकुरतो, पण एकट्याने केले असते तर त्याला ९ लाख पडले असते. विमानतळाच्या धावपट्टीचा खर्च लहानमोठ्या विमानांत वाटण्याचा हिशेब लिटलचाइल्ड व ओवेन यांनी १९७३ साली याच रीतीने मांडला. विजेचे बिल मात्र यात घालू नये, ते मोटारीच्या तासांवरच ठेवावे.

ही झाली खर्चाची वाटणी. पाण्याची वाटणी निराळी. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. तेथे पाणी जमिनीवर नाही, माणशी अर्ध्या एकराला. कुटुंबाला फार तर अडीच एकर, भूमिहीनालाही हक्क. आणि ऊस बंद! आपल्याला हे गिळायला जड आहे, पण माझ्या मते पाळी ठरवताना घरातली माणसे मोजायला हरकत नसावी.

चर खोदण्याआधी हे सगळे स्टँपवर लिहून घ्यावे. नव्या भागीदाराचे कलम विसरू नये. पहिल्याच्या शेजारचा चौथा आला, तर पहिला टप्पा चौघांचा होतो. त्याने ७५ हजार भरावेत आणि आधीच्या तिघांना २५-२५ हजार परत मिळावेत.